पाच बादल्या

सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत दोन जावा घरच्या घरी कापड रंगवायच्या. सासरे हयातभर सुताच्या लडी रंगवत आले होते. १८७७ साली 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी गिरणी सुरू झाली, पुढे ती बंदही पडली, पण चादरीच्या मागांमुळे या शहरातलं रंगाचं काम काही सुटलं नाही. सासरे गेले आणि घरातल्या लडी थांबल्या. हात मात्र रिकामे राहिले नाहीत. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, नवऱ्याकडून उचललेलं सगळं सुनांना दिलं आणि सुनांनी त्याला नवं गिऱ्हाईक शोधलं: क्विल्ट करणाऱ्या बायका.

गोधडी आपल्याकडे जुन्या लुगड्या-धोतरांची. घरात जे विटलं-विरलं ते थरावर थर ठेवून धावदोऱ्याने शिवायचं, रंग मिळेल तो. क्विल्ट करणारीला रंग हवा तोच लागतो. एकाच लालाच्या गडदपासून फिक्यापर्यंत सात पायऱ्या तिला पाहिजे असतात, आणि त्या कुठल्या दुकानात मिळत नाहीत. घरी रंगवणारीला त्या जमतात. पहिल्या भांड्यात पूर्ण रंग, दुसऱ्यात त्याच्या निम्मा, तिसऱ्यात त्याच्याही निम्मा, असं उतरत गेलं की सातवं कापड जेमतेम गुलाबी होतं. धाकटीचा यात हातखंडा होता. तोंडाला फडकं बांधून, कारण ती पूड श्वासात जाऊ द्यायची नसते, ती काट्यावर ग्रॅम-ग्रॅम रंग तोलायची. निळ्यात चिमूटभर पिवळा घालून हिरवा कुठे वळवायचा हे तिला पुस्तकाशिवाय कळायचं. फोटो तीच काढायची, गिऱ्हाइकांशी तीच बोलायची, पार्सलवर नाव तिचंच असायचं.

थोरली धुवायची. रंगवण्याआधीही आणि रंगवल्यानंतरही.

कोऱ्या मांजरपाटात खळ असते, कापसाचा मेणचटपणा असतो. धुण्याचा सोडा आणि साबण घालून स्टीलच्या पातेल्यात तासभर उकळल्याशिवाय तो निघत नाही. पाणी पिवळट-तपकिरी झालं की कळतं, वरून स्वच्छ दिसणाऱ्या कापडात काय काय दडलेलं होतं. हे आधीचं धुणं. गोष्ट आहे ती नंतरच्या धुण्याची.

त्यांचे रंग बाजारात कोल्ड डाय म्हणून मिळणारे. १९५६ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने असे रंग प्रोसिऑन या नावाने पहिल्यांदा विकायला आणले. रॅटी आणि स्टीफन हे तिथले दोन रसायनतज्ज्ञ त्यामागे होते. जुन्या रीतीने सुती कापडावर पक्का लाल घरी चढवायचा म्हणजे हिरडा, तुरटी, मंजिष्ठा आणि चुलीपुढचे दिवसच्या दिवस. या नव्या रंगांना साधं पाणी चालतं. रंगाचा रेणू थेट कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, फक्त पाण्यात मीठ आणि मग सोडा अ‍ॅश घातली पाहिजे. मेख तिथेच आहे. सोडा पडला की रंग जसा कापसाशी जोडला जातो तसाच पाण्याशीही. आणि एकदा पाण्याशी जोडला गेलेला रंग पुन्हा कधीच कापसाला धरत नाही. धाग्यांच्या फटींत तो नुसता बसून राहतो. दिसायला मात्र अगदी पक्क्या रंगासारखा, तेवढाच लाल.

हा बसलेला रंग काढायचा तर पाणी लागतं, आणि पाणी म्हटलं की सोलापूरकराच्या कपाळाला आठी पडते. उजनी धरण भरून वाहिलं तरी शहरातल्या नळाला रोज पाणी येतं असं नाही. चार-पाच दिवसांआड आलं तर नशीब. त्यात वाहत्या नळाखाली कापड खळबळणं म्हणजे अपराधच. म्हणून थोरलीने आपली एक रीत बसवली होती.

परसात ओळीने पाच बादल्या. कापड पहिल्या बादलीत शिरायचं आणि पाचवीतून बाहेर पडायचं. पाणी उलट्या दिशेने चालायचं. ताजं पाणी फक्त पाचव्या बादलीत पडायचं, तेही कढत. एक घाणा धुऊन झाला की पहिल्या बादलीतलं गडद पाणी मोरीत. सोड्या-मिठाचं असल्यामुळे ते झाडांना चालत नाही. मग दुसरीचं पाणी पहिलीत, तिसरीचं दुसरीत, असं एकेक घर पुढे. मधल्या बादल्यांचं पाणी ती चुलीवर पुन्हा तापवून घ्यायची, कारण बसलेला रंग गरम पाण्यातच सुटतो. पहिली बादली मात्र मुद्दाम गारच ठेवायची: आधी मीठ आणि सोडा निघून गेला पाहिजे, तो असेपर्यंत सुटा रंगही कापडाला चिकटून राहतो. सात पायऱ्यांचं कापड असेल तर फिकं आधी, गडद शेवटी. शेवटच्या बादलीत कापड रात्रभर बुडवून ठेवायचं. सकाळी त्यातलं थोडं पाणी काचेच्या वाडग्यात घेऊन उजेडाकडे धरायचं. पाण्याला रंगाची छटाही दिसली तर कापड परत चौथ्या बादलीत.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्या डाईंगमध्ये याच तत्त्वावर यंत्रं चालतात हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पाणी कमी, वेळ हाताशी, एवढ्यावरून तिने ते काढलं होतं.

धाकटीला या सगळ्याचा कंटाळा यायचा. रंगवायला एक रात्र आणि धुवायला दोन दिवस, हा हिशेब तिला पटत नव्हता. त्यात मोरीतून लालभडक पाणी वाहून जाताना पाहिलं की तिचा जीव तुटायचा. रंगाची पुडी काही फुकट येत नाही.

"अक्का, आपण रंग घालतो की काढतो?" ती एकदा चिडून म्हणाली.

थोरली हसली आणि कापड पिळत राहिली. ओसरीवर बसलेल्या माई म्हणाल्या, "कापड घेतं तेवढाच रंग कापडाचा गं. बाकीचा पाहुणा. त्याला वेळेवर वाटेला लावला नाही, तर शेजारच्या घरात जाऊन बसतो."

म्हातारीचं बोलणं म्हणून धाकटीने ते सोडून दिलं.

पुण्याच्या एका बाईंची मोठी मागणी आली. भिंतीवर लावायची क्विल्ट, पांढऱ्या जमिनीवर लाल त्रिकोण, मधोमध गडद आणि कडेला फिके होत गेलेले. लालाच्या सातही पायऱ्या, वर शिवाय भरपूर पांढरं. नेमकी त्याच सुमाराला थोरली भाचीच्या लग्नाला बार्शीला गेली, ती पंधरा दिवस.

धाकटीने एकटीने काम अंगावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर झोकात केलं. पायऱ्या अशा उतरल्या की एकीतून दुसरी कुठे सुरू होते ते बोटाने दाखवता येऊ नये. फक्त गडद लालाला तिने रंग दुप्पट घातला. किलोभर कापडाला चाळीस ग्रॅममध्ये लाल भरतो, हे तिला माहीत होतं. पण मॅडमना "एकदम खोल" लाल हवा होता. तिने ऐंशी घातला. कापूस धरायचा तेवढाच धरतो. वरचा सगळा पाण्याशी जुळून धाग्यात बसला. मग धुताना नळाला पाणी नाही, बॅरल अर्ध्यावर, आणि मॅडमचे फोन. तिने दोन बादल्या गार पाण्यात कापड खळबळून काढलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली. कापड असं काही दिसत होतं की ती स्वतःच त्याच्याकडे बघत राहिली. न धुतलेला रंग नेहमीच जास्त खोल दिसतो. लबाडी आहे, पण डोळ्याला ती कळत नाही.

पार्सल पोचल्यावर पुण्याहून फोन आला. "आजवर तुमच्याकडून किती लाल घेतले, पण या वेळचा काय सुरेख उतरलाय! असाच पुढेही द्या."

थोरली लग्नाहून परत आली तेव्हा धाकटीने हे तिला दोनदा सांगितलं. म्हणाली नाही, पण सुचवलं, की पाच बादल्यांवाचूनही चालतं. थोरलीने विचारलं, "धुतलंस ना नीट?" धाकटी म्हणाली, "धुतलं की." थोरलीने पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मला वाटतं. पण जावाजावांत असे प्रश्न दुसऱ्यांदा विचारले तर त्याचा अर्थ वेगळा होतो, हेही खरं.

पुढच्या मागणीत धाकटीने पाचाच्या तीन बादल्या केल्या. थोरली काही बोलली नाही. रात्री सगळे झोपल्यावर तिने उरलेल्या दोन बादल्या भरल्या आणि कापड त्यात टाकून ठेवलं. माईंनी ते पाहिलं आणि त्याही काही बोलल्या नाहीत. या घरात न बोलण्याचं प्रमाण जरा जास्तच होतं.

आठ महिने गेले. पुण्याच्या बाईंनी क्विल्ट हाताने शिवली होती, वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर, तिन्ही थर एकत्र घेऊन बारीक धावदोऱ्याने. टाके कुठून जायचे त्या रेघा त्यांनी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने आखल्या होत्या. त्या घालवायला सगळी क्विल्ट गार पाण्याच्या टबात बुडवली. निळ्या रेघा गेल्या. आणि बघता बघता प्रत्येक लाल त्रिकोणाच्या कडेने पांढऱ्यावर गुलाबी पसरत गेला.

फोन धाकटीने घेतला. पलीकडून आधी रडणं आणि मग राग. धाकटीचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते असं: "मॅडम, या वेळची रंगाची पुडीच खराब निघाली असणार. दुकानदाराने माल बदललाय. केमिकलच्या रंगांचं असंच असतं बघा."

हे शेवटचं वाक्य हल्ली कुणाच्याही तोंडी ऐकू येतं, म्हणून जरा थांबतो. रासायनिक म्हणजे कच्चा आणि झाडपाल्याचा म्हणजे पक्का, असं समजणाऱ्यांनी हळदीत रंगवलेलं फडकं उन्हात टाकून पाहावं. हळदीइतका झटकन चढणारा, तुरटीबिरटी काही न मागणारा दुसरा पिवळा नाही, आणि ऊन लागलं की इतक्या लवकर पळणाराही नाही. डाळिंबाच्या सालीचा मळकट पिवळा दिसायला सामान्य. तुरटीवर चढवला तर हळदीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. रंग कुठून आला यावर त्याचा पक्केपणा ठरत नाही, तो कापडाला कसा धरून आहे यावर ठरतो. पुण्याच्या क्विल्टमधला जो रंग कापसाशी जोडला गेला होता तो जागचा हलला नव्हता. हलला तो दुसराच.

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. तिने धाकटीच्या हातातून फोन घेतला. पुडीचं काय, कुणाचं चुकलं, यातलं काही तिने काढलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "वाळलीय का?"

"नाही. टबातच आहे. पिळून उन्हात टाकणार होते."

"टाकू नका. ओलीच राहू दे. आणि इस्त्री तर आज घरात काढूसुद्धा नका."

मग तिने सांगितलं ते असं. टब रिकामा करायचा आणि हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्याने काठोकाठ भरायचा. त्यात धुण्याचा साबण. क्विल्ट उलगडून पूर्ण बुडवायची. कोपरा वर तरंगला तर रंग तिथेच जाऊन साचेल, म्हणून वर स्टीलची ताटं ठेवून दाबायची. पाणी भरपूर हवं, सुटलेल्या रंगाला पसरायला जागा हवी. मग हात लावायचा नाही. रात्रभर तशीच. सकाळी पाणी लाल झालेलं असेल, घाबरायचं नाही, ते ओतून पुन्हा गरम पाणी. पाण्याला रंग यायचा थांबेपर्यंत हेच.

"पण पांढऱ्यावर चढलेला डाग कसा निघणार?" पुण्याच्या बाईंना खरं वाटेना. "लाल रंग आहे हो."

"डाग चढलेला नाही, मॅडम. बसलाय नुसता. जो लाल कापडाला धरून राहिला नाही, तो पांढऱ्याला कशाने धरणार? वाळवलं नाही तर निघेल."

तीन दिवस पुणे-सोलापूर फोन चालू होता. पहिल्या सकाळी टबातलं पाणी सरबताच्या रंगाचं. दुसऱ्या दिवशी गुलाबी. त्यानंतर काचेच्या वाडग्यात घेतलेल्या पाण्यातून खालच्या ओट्याची नक्षी स्वच्छ दिसायला लागली. क्विल्ट वाचली. एका कोपऱ्यात, जिथे पहिल्या दिवशी कापड थोडं सुकलं होतं, तिथे दोन त्रिकोणांच्या मध्ये गुलाबी छटा राहिली ती राहिलीच. आणि मधला गडद लाल, ज्याची एवढी तारीफ झाली होती, तो एका पायरीने उतरला. तो त्याच्या खऱ्या रंगावर आला, इतकंच.

क्विल्ट टबात असताना त्या तीन दिवसांत धाकटी फारशी बोलली नाही. चौथ्या दिवशी नळ आला. थोरली बादल्या मांडायला परसात गेली तर पाचही आधीच ओळीने लावलेल्या होत्या, आणि धाकटी चुलीपाशी बसून पाणी तापवत होती. फिकं आधी की गडद आधी, हे तिने विचारलं. आठ वर्षं त्या घरात राहून हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता. थोरलीने सांगितलं. मग तिने धाकटीला सोडा-मीठ निघालेल्या कापडाला हात लावून बघायला सांगितलं. सोडा असेपर्यंत कापड बोटांना बुळबुळीत लागतं, गेला की लागत नाही. धाकटीने हातमोजा काढून एक बोट बुडवलं, घासलं, आणि मान हलवली.

त्या दिवशीचा पार्सलचा फोटो धाकटीनेच काढला, पण पाच बादल्यांसकट. माईंना तो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिला आणि विचारलं, "मोरी कशाला काढलीस फोटोत?"

पुण्याच्या बाईंनी पैसे परत मागितले नाहीत. धाकटीने मात्र गडद लालाचे पूर्ण पैसे आपणहून पाठवले आणि सोबत लिहिलं की पुडी खराब नव्हती, धुणं अपुरं होतं. बाईंची पुढची मागणी आली ती निळ्याची. तिच्या पावतीवर कापड, रंग आणि मजुरी यांच्या खाली पहिल्यांदाच चौथी ओळ होती: धुलाई. दर थोरलीने ठरवला होता. आता पार्सलवर नावं दोघींची असतात.

घरी रंगवलेलं कापड तुम्ही विकत घेत असाल किंवा स्वतः रंगवत असाल, तर कात्री लावण्याआधी एवढं करा. त्याची हातभर पट्टी आणि पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा काचेच्या वाडग्यात कढत पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी रंगलं तर सगळं कापड पुन्हा गरम पाण्यात घाला, रात्रभर ठेवा, आणि पाणी नितळ दिसेपर्यंत बदलत राहा. कापड लगेच कच्चं म्हणून परत पाठवू नका. आणि रंगवणारीने पावतीवर धुलाई वेगळी लावली असेल, तर त्या ओळीवर घासाघीस करू नका.